मोजपट्टी गुंडाळा, 31 मार्च पाहा

वाड्यावर नवा बार येणार अशी कुणकुण लागली की गोव्यातली ग्रामसभा तापते. देऊळ किती पावलांवर, शाळेचे फाटक कुठे, तिठ्यावरचा खुरीस (क्रूस) किती जुना, याची मोजणी सुरू होते. निवेदने जातात, पंचमंडळाला जाब विचारला जातो, आमदारांना फोन होतात. त्याच गावात आधीपासून असलेले दहा-पंधरा बार मात्र मार्चअखेर शुल्क भरून मोकळे होतात. त्यातला एखादा गेली पाच वर्षे पहाटेपर्यंत ढोल बडवत असतो, एखाद्याचा परवानाधारक कधीच वारलेला असतो, एखाद्याच्या स्वयंपाकघराला बाहेर पडायला दुसरे दार नसते. त्यांच्या नूतनीकरणावर कोणी हरकत घेत नाही, कारण ते होते आहे हेच कोणाला कळत नाही.

गोव्याच्या दारूविक्रीचा प्रश्न नव्या परवान्यांपेक्षा जुन्या परवान्यांचा जास्त आहे. सगळे प्रकार मिळून राज्यात दहा हजारांहून अधिक मद्य परवाने आहेत. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 14.58 लाख भरली होती. म्हणजे पोरेबाळे धरूनही दीडशे माणसांमागे एकाहून जास्त परवाना पडतो. उद्यापासून एकही नवा परवाना दिला नाही, तरी पुढच्या पन्नास वर्षांत गोव्यात दारूची टंचाई भासणार नाही. तेव्हा खल करायचाच तर तो नूतनीकरणावर करायला हवा.

कायद्याची बाजू इथे सरकारला फार सोयीची आहे, हे आधी समजून घेऊ. मद्य हा राज्यसूचीतला विषय. गोव्यात त्यासाठी 1964 चा अबकारी कायदा आणि त्याखालचे नियम आहेत. घटनेचे कलम 47 राज्याला मादक पेयांना आळा घालण्याची दिशा देते. 1994 मध्ये खोडे डिस्टिलरीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दारूचा धंदा हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. राज्य तो बंद करू शकते, स्वतःकडे घेऊ शकते किंवा परवानगी देताना अटी घालू शकते. किराणा दुकानदार ज्या हक्काने कोर्टात उभा राहतो, त्या हक्काने बारवाल्याला उभे राहता येत नाही. इतके अधिकार हातात असताना दर मार्चला अबकारी कार्यालयात काय विचारले जाते? मुख्यतः शुल्क भरले का, एवढेच.

‘परवाना’ हा एकच शब्द आपण सरसकट वापरतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. घाऊक विक्रेत्याचा वेगळा, सीलबंद बाटल्या विकणाऱ्या वाईन शॉपचा वेगळा, जागेवर बसून पिण्याचा वेगळा. त्यातही देशी दारू आणि भारतीय बनावटीची विदेशी दारू असे दोन भाग. लग्नाच्या हॉलसाठी एका रात्रीचा प्रासंगिक परवाना. किनाऱ्यावरच्या शॅकसाठी पर्यटन खात्याने जागा दिल्यावर हंगामापुरता. चार बाकडी टाकून दुपारी फेणी आणि संध्याकाळी बिअर देणारी वाड्यावरची तावेर्न आणि पाचशे माणसे नाचवणारा किनारपट्टीतला क्लब हे दोन्ही जागेवर पिण्याचेच परवानाधारक. शुल्कात फरक आहे, पण त्यांच्याकडून गावाला पोचणाऱ्या उपद्रवात जो फरक आहे त्याच्या जवळपासही तो जात नाही. नियम कडक करा अशी ओरड झाली की आधी तावेर्न भरडली जाते, कारण तिच्याकडे वकील नसतो.

या सगळ्यात एक परवाना मात्र शिकण्यासारखा आहे: काजूच्या भट्टीचा. अबकारी खाते दरवर्षी हंगामाआधी काजूचे झोन पाडून त्यांचा लिलाव पुकारते. ज्याची बोली वरची, त्याला त्या झोनमध्ये बोंडूच्या, म्हणजे काजूफळाच्या, रसाची दारू काढण्याचा हक्क मिळतो. बोंडू मळायचे, नीरो (निथळणारा गोड रस) उतरवायचा, रस आंबवायचा, पहिल्या धारेचा हुर्राक काढायचा आणि तो पुन्हा भट्टीवर चढवून फेणी. ग्राव हे दारूच्या कडकपणाचे माप; हुर्राक साधारण चौदा-पंधरा ग्रावचा, फेणी एकोणीस-वीस ग्रावची. मे सरला, पावसाचे ढग दिसले की भट्टी विझते आणि हक्कही संपतो. पुढच्या वर्षी पुन्हा लिलाव, पुन्हा नाव, पुन्हा जागा. गेल्या वर्षी माझ्याकडे होता म्हणून यंदाही माझाच, असे तिथे चालत नाही. 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेली आणि पुढे राज्याने वारसा पेय म्हणून गौरवलेली ही दारू सर्वांत कडक मुदतीखाली तयार होते; विदेशी व्हिस्की ओतणारा बार मात्र बापाकडून मुलाकडे, मुलाकडून भाडेकरूकडे आपोआप सरकत राहतो.

आता मोजपट्टीकडे वळू. शाळा आणि प्रार्थनास्थळापासून 100 मीटरच्या आत बार-दुकान नको, ही अट ऐकायला ठाम वाटते. पण मोजायचे कुठून कुठपर्यंत? दारापासून दारापर्यंत की भिंतीपासून भिंतीपर्यंत? सरळ रेषेत की रस्त्याने चालत? शाळेचे मैदान शाळेत धरायचे की नाही? घुमटी, खुरीस, तुळशीवृंदावनाशेजारचे छोटे देऊळ यांतले प्रार्थनास्थळ कोणते? प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि प्रत्येक उत्तराला एक वकील. बारचे दार मागच्या बाजूला फिरवले की पंधरा-वीस मीटर आयतेच मिळतात. वर सवलतीची वाट सरकारच्या हातात, त्यामुळे ज्याच्यासाठी नियम केला त्याच्यासाठीच तो वाकतो आणि मग विधानसभेत खडाजंगी होते. पैसे जास्त घेऊन अंतर कमी करण्याची कल्पना तर मुळातच विचित्र आहे. शाळेजवळ बार घातक असेल तर दुप्पट शुल्काने तो निम्मा घातक होत नाही.

मोजपट्टीच्या मर्यादा आपण देशपातळीवर पाहिल्या आहेत. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री 1 एप्रिल 2017 पासून बंद करण्याचा आदेश दिला. हेतू चांगलाच होता. दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यांनी घेतलेल्या बळींची संख्या न्यायालयापुढे होती. पण गोव्यासारख्या चिंचोळ्या राज्यात महामार्ग गावाच्या पोटातूनच जातो. 500 मीटर बाजूला सरकायचे तर कुठे शेत, कुठे खाजन (खाडीकाठची सखल जमीन), कुठे शेजारचा वाडा. 31 मार्च 2017 ला न्यायालयाने वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या भागांसाठी अंतर 220 मीटरवर आणले, जुलैमध्ये पालिका क्षेत्रांना मोकळीक मिळाली आणि फेब्रुवारी 2018 मध्ये पंचायत क्षेत्रांचा निर्णय राज्यांवर सोपवला. दरम्यान काही राज्यांनी महामार्गांचा दर्जाच काढून घेतला. केरळात एका बारने दारापुढे चक्रव्यूहासारख्या वळणावळणाच्या भिंती बांधून चालण्याचे अंतर वाढवले. अंतरावर बांधलेला नियम अंतर वाढवूनच मोडला जातो. दारू पिऊन गाडीत बसणारा आहे तिथेच राहतो.

अंतराची अट काढून टाका असे म्हणणे नाही. ती नव्या परवान्यापुरती ठेवा, रस्त्याने चालत दारापासून दारापर्यंत सर्वेक्षकाकडून मोजून घ्या, नकाशावर खूण करा आणि सवलत पूर्ण बंद करा. शाळेच्या बाबतीत मीटरपेक्षा घड्याळ जास्त उपयोगी आहे. मुले बसस्टॉपवर उभी असतात सकाळी साडेसात ते आठ आणि दुपारी सुटताना. तेवढा वेळ जवळच्या दुकानाचे शटर खाली ठेवायला लावणे हे 90 मीटर की 110 यावर वर्षभर वाद घालण्यापेक्षा सोपे, आणि शटर उघडे आहे की बंद हे कोणत्याही पालकाला दिसते.

खरा मामला नावाचा आहे. परवाना एकाच्या नावावर, धंदा दुसऱ्याचा, ही किनारपट्टीतली सर्रास रीत. घर आणि परवाना जुन्या कुटुंबाचा, मुले आखातात नाहीतर पोर्तुगालात, आणि बार ‘चालवायला दिलेला’. महिन्याची ठरलेली रक्कम घरी येते. कामगार कोण, माल कुठला, रात्री किती वाजता बंद होते याचा मूळ धारकाला पत्ता नसतो. तपासणीत काही सापडले तर नोटीस भिंतीवरच्या चौकटीतल्या नावाला जाते, म्हणजे बहुधा एखाद्या वृद्ध बाईला. चालवणारा त्या हंगामात गाशा गुंडाळून पुढच्या गावात दुसऱ्याच नावाखाली सुरू होतो. 2022 मध्ये आसगावातल्या एका रेस्टॉरंटचा परवाना मृत व्यक्तीच्या नावावर नूतनीकृत झाल्याची तक्रार झाली, अबकारी आयुक्तांनी नोटीस काढली आणि प्रकरण देशभर गाजले. राजकारणामुळे गाजले म्हणून ते अपवाद वाटले, एवढेच.

वारशाचा गुंता मात्र खरा आहे आणि त्याला सहानुभूतीनेच उत्तर द्यावे लागेल. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा समाईक. एकाच्या मृत्यूनंतर निम्मी दुसऱ्याची आणि उरलेल्या निम्म्यात मुले. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा-वाटणीची कोर्टातली कार्यवाही, झाल्याशिवाय वाटणी होत नाही आणि भावंडे परदेशात विखुरलेली असली तर ती वर्षानुवर्षे लोंबकळते. तोवर धंदा बंद ठेवा म्हणणे क्रूर ठरेल. मृत्यूचा दाखला तीस दिवसांत सादर करा, हयात जोडीदाराच्या किंवा वारसांनी मिळून नेमलेल्या एकाच्या नावे सहा महिन्यांचा तात्पुरता परवाना घ्या, तो दोनदा वाढवता येईल, अशी साधी तरतूद पुरे. ‘चालवायला दिलेल्या’ बारला बंदी घालूनही काही साधणार नाही. ती रीत जमिनीखाली जाईल. उलट ती उघडी करा: परवान्यावर धारकाचे नाव आणि खाली प्रत्यक्ष चालकाचे नाव, फोटोसह. करार अबकारी कार्यालयात जमा. गुन्हा घडला तर दोघेही जबाबदार आणि चालकाचे नाव राज्यभराच्या यादीत. एका गावात परवाना निलंबित झालेला माणूस दुसऱ्या गावात चालक म्हणून उभा राहू शकणार नाही, इतके झाले तरी किनारपट्टीचे चित्र बदलेल.

6 डिसेंबर 2025 च्या रात्री हडफडे येथील नाइट क्लबला आग लागून 25 जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक तिथे राबणारे कामगार होते. त्यानंतर पंचायतीचा व्यवसाय परवाना, बांधकाम, अग्निशमन दलाचा दाखला, अबकारी परवाना अशी एकेक फाईल उघडली गेली. या फायली वेगवेगळ्या कार्यालयांत असतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत. पंचायतीला वाटते अग्निशमन दल बघेल, अग्निशमन दलाला वाटते बांधकाम कायदेशीर असेलच, अबकारी खाते म्हणते आमचा संबंध दारूशी. पण बारला बार करते ती दारूच. मद्य परवाना थांबला तर क्लब त्या रात्रीच अंधारात जातो. बाकीच्या दाखल्यांसाठी कोर्टकचेरीत वर्षे काढता येतात. म्हणून नूतनीकरणाचा खिळा अबकारी परवान्याच्या दारावरच ठोकायला हवा: व्यवसाय परवाना चालू नसेल, पन्नासपेक्षा जास्त आसने असून अग्निशमन दाखला नसेल, किनारी भागात किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची (सीझेडएमए) संमती नसेल, तर मद्य परवाना आपोआप पडून राहील. अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच नको.

तपासणीत काय बघायचे हेही ठरवून द्यावे लागेल, नाहीतर निरीक्षक येतो, काउंटरवर थंड घेतो, सही करून जातो. चांगल्या तपासणीला चाळीस मिनिटे पुरतात. साठा नोंदवही आणि फळीवरच्या बाटल्या जुळतात का. चार-पाच महागड्या बाटल्यांचे बॅच क्रमांक परिवहन परवान्याशी ताडून पाहणे. भेसळीची बाटली ओळखू येते: टोपणाच्या कडेला ओरखडे, लेबल भिजून सुरकुतलेले, शेजारच्या बाटल्यांच्या मानेतली पातळी वरखाली. रिकाम्या बाटल्यांचे काय करतात हे विचारावे, कारण न फोडता भंगारात गेलेली बाटली भरून परत येऊ शकते. पेग मापायचे 30 आणि 60 मिलीचे माप वजनमाप खात्याचा शिक्का असलेले आहे का. मग बसायच्या जागा मोजाव्यात, दुसरे दार आहे का आणि ते बाहेर उघडते का, त्याच्यासमोर बिअरचे क्रेट रचलेले नाहीत ना, स्वयंपाकघरातल्या माणसाला ग्राहकांच्या गर्दीतून न जाता बाहेर पडता येते का. 21 वर्षांखालील ग्राहकाला नकार देताना ओळखपत्र कोण आणि कसे तपासतो हे काउंटरवरच्या माणसालाच विचारावे, मालकाला नव्हे. मालकाला नियम पाठ असतो. शनिवारी रात्री बाटली देणारा हात दुसऱ्याचा असतो.

दंडाबद्दल एक स्पष्टच सांगायला हवे. गोव्यात दंड हा धंद्याचा खर्च झाला आहे. ज्या क्लबचा एका रात्रीचा गल्ला लाखांत जातो त्याला हजारांचा दंड म्हणजे बर्फाचे बिल. उलट तावेर्नवाल्याचा त्यात महिना जातो. त्याऐवजी दिवस कापावेत. पहिल्या चुकीला परवाना तीन दिवस निलंबित, दुसऱ्याला पंधरा, तिसऱ्याला हंगाम. आणि हे दिवस चूक घडली त्याच महिन्यातले, पावसाळ्यात ढकलायचे नाहीत. 27 ते 29 डिसेंबर बंद राहणार या धाकाने जे होईल ते कुठल्याही रकमेने होणार नाही. दिवस कापले की शिक्षा गल्ल्याच्या प्रमाणात आपोआप बसते, वेगळे कोष्टक करावे लागत नाही. रात्री दहानंतरच्या आवाजाचे उल्लंघनही याच खात्यात जमा व्हावे. जादा शुल्क भरून जादा तास घेण्याची सोय आज आहे. ज्याच्यावर वर्षभरात आवाजाची सिद्ध तक्रार आहे त्याला ते तास विकूच नयेत.

दारूबंदीच करा, हाही आवाज गोव्यात आहे. 2024 च्या पावसाळी अधिवेशनात मयेचे आमदार प्रेमेंद्र शेट यांनी तो विधानसभेत मांडला. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे प्रत्येक वाड्यावर आहेत, त्यामुळे त्या मागणीची टर उडवणे बरे नाही. पण शेजारी काय झाले? चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली; मधल्या काळात दारू येत राहिली, फक्त पावतीविना. आपल्या सीमेवर तर उलटी गंमत आहे. ‘गोवा बनावटीच्या दारूसह टेम्पो जप्त’ ही बातमी सिंधुदुर्गात आठवड्याला छापून येते. करातल्या तफावतीवर महाराष्ट्राचा इन्सुलीचा नाका एवढा राबतो, तर बंदीनंतर तोच टेम्पो उलट दिशेने धावेल आणि पत्रादेवीला आपला नाका राबेल. महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परवाना लागतो. पाच रुपयांचा एक दिवसाचा कागद दुकानातच फाडला जातो आणि कोणी वाचत नाही. गोव्यात पिणाऱ्याला काही लागत नाही, सगळा भार विकणाऱ्यावर. ही रचना जास्त शहाणी आहे, फक्त त्या भाराचे वजन कोणी तपासत नाही.

महाराष्ट्राकडून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: आडवी बाटली. ठराविक संख्येने महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान होते आणि नोंदणीकृत मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. ही निम्म्याची अट जाचक आहे, कारण मतदानाला न आलेली बाईही उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. गोव्यात ते जसेच्या तसे आणले तर पंचमंडळातले दोन गट एकमेकांचे बार बंद पाडायला बसतील. म्हणून सरसकट मतदान नको. ज्या परवान्यावर वर्षात दोन सिद्ध तक्रारी आहेत त्याचेच नूतनीकरण ग्रामसभेपुढे जावे. जानेवारीत पंचायतीच्या फलकावर त्या हद्दीतल्या सगळ्या मद्य परवान्यांची यादी लागावी, पंधरा दिवस हरकती, फेब्रुवारीत अबकारी निरीक्षकासमोर सुनावणी आणि लेखी कारणांसह निर्णय मार्चच्या मध्याला. शांत तावेर्नला यातले काहीच करावे लागणार नाही. तिचे नूतनीकरण अर्ध्या तासात व्हावे, शुल्कही कमी असावे.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नियमांत दुरुस्ती लागेल. यादीला मात्र लागत नाही. माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून आपल्या पंचायत क्षेत्रातल्या मद्य परवान्यांचा क्रमांक, धारकाचे नाव, प्रकार, शेवटच्या नूतनीकरणाची तारीख आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल अबकारी कार्यालयाकडे मागता येतो. उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज डिसेंबरात टाकावा, म्हणजे अपील करावे लागले तरी मार्च हातात राहतो. अहवालाची प्रत न विसरता मागावी. नुसती यादी आली की नावे कळतात, पण त्या जागेत शेवटचा निरीक्षक कधी शिरला होता ते अहवालावरच्या तारखेवरूनच कळते.